ई-मेल पाठवला, पण पोच कुठंय? समोरच्यानं तो वाचला की नाही, हे कसं ओळखायचं?

छत्रपती संभाजीनगरमध्ये एखाद्या सरकारी कार्यालयात अर्ज दिला, की आवक-जावक विभागातून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मिळतो. हीच आपली 'पोच'. व्हॉट्सॲपवर हेच काम निळ्या टिक करतात. पण वाळूजमधल्या कंपनीत नोकरीसाठी ई-मेल केला आणि मुदत संपल्यावर 'तुमचा मेल मिळालाच नाही' असं उत्तर आलं, तर?

'सेंट' म्हणजे पोहोचला का?

नाही. 'सेंट' म्हणजे मेल तुमच्याकडून निघाला, एवढंच. पत्ता चुकला असेल तर बहुतेक वेळा मेल परत आल्याची सूचना येते. पण सूचना आली नाही म्हणजे मेल इनबॉक्समध्येच गेला, असं नाही. तो स्पॅममध्येही पडलेला असू शकतो.

रीड रिसीट कुणाला मिळते?

वैयक्तिक जीमेल खात्यात ही सोय नाही. ऑफिस किंवा कॉलेजच्या जीमेल खात्यात ॲडमिननं चालू केली असेल तरच ती मिळते. आउटलुकमध्ये मेल पोहोचल्याची आणि वाचल्याची अशा दोन वेगळ्या पावत्या मागता येतात. मात्र वाचल्याची पावती द्यायची की नाही, हे समोरचा ठरवू शकतो.

ट्रॅकिंग ॲपवर विश्वास ठेवावा का?

ही ॲप्स मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं छोटं चित्र लपवतात. ते लोड झालं की 'मेल उघडला' अशी नोंद होते. पण २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी चित्रं आधीच लोड करून ठेवणारी सोय आहे. त्यामुळे न वाचलेला मेलही 'उघडला' असा दिसू शकतो.

कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, समोरच्यानं ठरवून दिलेल्या ई-मेल यंत्रणेत मेल शिरला, की तो 'मिळाला' असं मानलं जातं. वाचलाच पाहिजे, अशी अट नाही. मात्र त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवला, तर त्यानं तो प्रत्यक्ष पाहिल्यावरच मिळाला असं धरतात. म्हणून जाहिरातीत दिलेलाच पत्ता वापरणं महत्त्वाचं.

जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली, असं मानलं होतं. संदेश पोहोचला आणि जोडलेली फाइल उघडली गेली, हे टिकवरून दिसत होतं.

मग काय करायचं?

• मेलच्या शेवटी 'कृपया मिळाल्याची पोच द्यावी' असं लिहा. कलम १२ नुसार साधं उत्तर किंवा आपोआप आलेलं उत्तरही पोच ठरू शकतं.
• मुदतीच्या दोन-तीन दिवस आधीच पाठवा. उत्तर नाही आलं तर फोन करा.
• आठवण करून देताना नवा मेल नको. जुन्याच मेलवर लिहा, म्हणजे आधीची तारीख-वेळ सोबत राहते.
• पाठवलेला मेल डिलीट करू नका. स्क्रीनशॉटपेक्षा मूळ मेल अधिक भक्कम पुरावा ठरतो.
• फारच महत्त्वाचं असेल, तर कागदी प्रत नेऊन द्या आणि शिक्का घ्या.