पीएचपी शिकणाऱ्यांचे काही गैरसमज

संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथील महाविद्यालयांत संगणकशाखेचे विद्यार्थी पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमास अनुसरून पीएचपी शिकतात. रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली सर्वांस खुली केलेली ही भाषा आरंभी सोपी वाटते, आणि त्या सोपेपणामुळेच काही चुकीच्या समजुती नवशिक्याच्या मनात इतक्या घट्ट रुजतात की त्यांचा खुलासा वेळीच होणे अगत्याचे आहे.

पीएचपीची फाइल ब्राउझरमध्ये चालते, ही त्यांतील पहिली समजूत. वस्तुतः ती सर्व्हरवर चालते. तहसील कचेरीतील दप्तर अर्जदाराच्या हाती न पडता त्याला केवळ नक्कल मिळावी, त्याप्रमाणे ब्राउझरच्या वाट्याला तिचे फलित तेवढे येते. म्हणूनच फाइलवर दोनदा क्लिक करून काही साधत नाही. झॅम्प सुरू करून, फाइल एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवून, ती लोकलहोस्टच्या पत्त्यावरूनच उघडावी लागते. जावास्क्रिप्टने फॉर्म तपासला म्हणजे शहानिशा पुरी झाली, हा समजही याच अज्ञानातून निपजतो. ब्राउझरमधील तपासणी कोणाही इसमाला बंद करता येते, सबब ती सर्व्हरवर पुन्हा केलीच पाहिजे.

मराठी विद्यार्थ्याची खरी फसगत होते ती अक्षरांच्या मोजणीत. ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन अक्षरे मोजते, असे तो गृहीत धरतो; प्रत्यक्षात ते बाइट मोजते, आणि युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो वा हलन्त, तीन बाइट व्यापते. जिल्ह्याचे नाव २०२४ साली बदलले, त्याचेच उदाहरण पाहावे. ‘अहमदनगर’ या सात अक्षरी नावाचे २१ बाइट होतात, तर ‘अहिल्यानगर’ हे डोळ्यांना सहाच अक्षरांचे दिसणारे नाव दहा चिन्हांचे, म्हणजे ३० बाइटांचे ठरते; तेव्हा स्ट्रलेनने कमाल २५ ची मर्यादा घालणारा फॉर्म जुने नाव मुकाट्याने दाखल करून घेईल आणि नवे नाकारील. ‘सबस्ट्र’ने तेच नाव विसाव्या बाइटवर तोडले, तर ‘अहिल्य’ एवढे शिल्लक राहून पुढील काना मधोमध चिरला जातो व त्याच्या जागी निरर्थक खूण उमटते. यावर उपाय ‘एमबी’ने आरंभ होणाऱ्या फंक्शनांचा, मात्र तीही चिन्हेच मोजतात, त्यामुळे पाच चिन्हांवर तोडल्यास ‘अहिल्’ असे अर्धे जोडाक्षर उरते, हे ध्यानी ठेवावे.

डेटाबेसच्या बाबतीत जुन्या नोट्स फार घात करतात. ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ आणि त्याच्या जातीची फंक्शने डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकण्यात आली. तरीही ती लिहून विद्यार्थी झॅम्पला दोष देत बसतो. त्यांच्या जागी पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय वापरावे, आणि फॉर्ममधून आलेला मजकूर क्वेरीत थेट न जोडता ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’मधून द्यावा, कारण थेट जोडणी केल्यास एका अवतरणचिन्हाच्या आधारे परका मनुष्य हुकुमाचा अर्थच पालटू शकतो. आमच्या गावच्या पतसंस्थेच्या वेबसाइटवर कोण हल्ला करणार, हा युक्तिवाद मुळीच ग्राह्य नाही. असे हल्ले बहुधा स्वयंचलित प्रोग्रॅम करतात व ते संस्थेचा आकार पाहत नाहीत. पासवर्डसाठी एमडी५ पुरेसे आहे, हाही भ्रमच. २०१३ पासून ‘पासवर्ड_हॅश’ उपलब्ध आहे, तेच वापरावे.

पीएचपी कालबाह्य झाली, असेही ऐकू येते. परंतु वर्डप्रेस आणि मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी, ही दोन्ही आजही पीएचपीतच लिहिली जातात.

अध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की, प्रात्यक्षिकांच्या जर्नलमध्ये पीएचपी ७ पूर्वीची डेटाबेस-फंक्शने राहिली असल्यास ती येत्या सत्रापासून काढून टाकावीत.