उरवड्यात पोहोचतो तो नुसता ठेका

लग्नसराईत पिरंगुटच्या बाजूला डीजे लागला की आमच्या उरवडे गावात गाणं येत नाही, ठेका तेवढा येतो. धप्, धप्, धप्. तावदानं थरथरतात, गाणं कुठलं म्हणाल तर सांगता येत नाही. ५० हर्ट्झच्या आवाजाची लहर जवळपास ७ मीटर लांब. भिंत, झाडी, टेकाड, सगळ्यांना ती वळसा घालते. शब्दांतले स, श, च काही हजार हर्ट्झचे. त्यांच्या लहरी सेंटिमीटरांत मोजायच्या, त्या वाटेतच विरतात.

या धप्‌चा एक मूळपुरुष म्हणजे रोलँड या जपानी कंपनीचं टीआर-८०८ हे ठेका वाजवणारं यंत्र, साल १९८०. आत ढोल नाही की ढोलाचं रेकॉर्डिंग नाही. झोक्याला एकदा हात द्यावा आणि तो हलत हलत थांबावा, तसा सर्किटला विजेचा एक धक्का बसतो. बस्स, एवढंच!

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जडणघडणीवर इआरा ली यांनी १९९८ मध्ये 'मॉड्युलेशन्स' हा माहितीपट केला. पण या प्रवासातला मुंबईचा मुक्काम जगाला कळला तो २०१० नंतर. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी एक तबकडी केली: भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. हाताशी तीन यंत्रं: ८०८, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि टीबी-३०३. तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा युरोपातले डीजे चक्रावले.

चक्रावायला कारण होतं ३०३. गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून केलेलं हे यंत्र त्या कामात सपशेल पडलं. खऱ्या बाससारखं ते वाजतच नसे. पण त्यात 'स्लाइड'ची सोय होती. एरवी सूर बदलताना व्होल्टेज उडी मारतं. स्लाइड लावली की कपॅसिटर सावकाश भरतो आणि सूर घसरत पुढच्या सुरावर जातो. आपण त्याला मींड म्हणतो. अर्थात ही मींड दर वेळी एकाच मापाची, आणि भैरवातला आंदोलित कोमल रिषभ इथे खिळ्याने ठोकल्यासारखा जागच्या जागी. बुजुर्गांनी नाक मुरडलं तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गंमत म्हणजे ८०८ वर पायऱ्यांची बटणं १६, आणि तीनतालाच्या मात्राही १६. योगायोगच, पण लोभसवाणा.

शिकागोच्या फ्युचर या गटाने हेच ३०३ पिळून १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' आणलं आणि ॲसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार जन्माला आला. मुंबईची तबकडी त्याच्या पाच वर्षं आधीची, म्हणून 'ॲसिड हाउस आपणच शोधलं' अशी फुशारकी काही जण मारतात. ती पटत नाही. ती तबकडी शिकागोत पोहोचल्याचा काही पुरावा नाही. दोन्हीकडे यंत्र एकच, त्याचा स्वभाव एकच. त्याने दोघांनाही एकाच वाटेने नेलं.

चरणजित सिंग २०१५ मध्ये मुंबईत वारले. पुढे दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, आमच्याच मुळशी तालुक्यात लवळ्याला सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव भरला.

चरणजित सिंग यांची ती तबकडी आज नेटवर सहज सापडते. भैरवापासून सुरुवात करा, पण हेडफोन लावून. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ बाहेरच पडत नाहीत. उरवड्यात नुसता ठेका येतो, मोबाइलमधून नुसते सूर येतील.