पाखरांच्या वाटेवर : लेखांक सहावा – दमट रानातील सरंजाम

मागील लेखांकात भिंगांच्या निवडीचा विचार झाला. निवडलेला हा मोलाचा सरंजाम मुक्कामी सुखरूप कसा न्यावा आणि तेथील हवेत आठवडाभर शाबूत कसा राखावा, हा या वेळचा विषय असून उदाहरणादाखल आपण केरळातील तट्टेकाड घेऊ. सलीम अलींनी १९३३ साली त्रावणकोर-कोचीन इलाख्याची पक्षिपाहणी केली. तिच्या ओघात त्यांच्या नजरेत भरलेले पेरियारकाठचे हे रान १९८३ साली अभयारण्य झाले आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

मुंबईहून विमानाने कोचीला जाणाऱ्याने आधी वजनाचा हिशेब करावा. देशांतर्गत प्रवासात हातातील सामानास साधारणतः ७ किलोची मर्यादा असते, आणि मोठी लेन्स एकटीच ३ किलोच्या घरात जाते. म्हणून कॅमेरा, लेन्स व बॅटऱ्या तेवढ्या जवळ ठेवून ट्रायपॉड कपड्यांत गुंडाळून खालच्या सामानात रवाना करावा. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र खालच्या सामानात घालण्यास सक्त मनाई आहे, कारण मालकक्षात पेट घेतलेली बॅटरी कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या बॅटरीची शक्ती १४ वॅट-तासांच्या आसपास, म्हणजे १०० वॅट-तासांच्या मर्यादेहून पुष्कळच कमी असते; तरी प्रत्येकीची टोके चिकटपट्टीने झाकावीत. आगगाडीने आलुव्यास उतरणाऱ्याने पिशवी बाकाखाली न सारता उशाशी घ्यावी. खाली चोरीची धास्ती तर असतेच, शिवाय डब्यात सांडलेले पाणी वाट काढते ते नेमके तिथूनच.

येथवरची खबरदारी कोणीही घेतो. पावसाला आपण भितो, पाऊस दिसतो, आणि दिसणाऱ्या शत्रूशी झुंजण्यास माणूस आपोआप सज्ज होतो. परंतु उष्णकटिबंधातील रानात यंत्रांचा घात करते ती बहुधा न दिसणारी, स्थिर, दमट हवा. ऑक्टोबरात एखादी सर पडून गेल्यावरच्या दुपारी, ३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत, एका घनमीटरात सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा २२ अंशांपर्यंत निवाली तर तिच्यात १९ ग्रॅमच मावते. वातानुकूलित खोलीतून २२ अंशांवर थंडावलेली लेन्स आपण बाहेर काढतो तेव्हा भिंगालगतच्या हवेतील हे जादा बाष्प पाण्याच्या रूपाने काचेवर उतरते, आणि केवळ दर्शनी काचेवरच नव्हे, तर हवा जिथे जिथे पोचते तिथे आतही.

पहिल्या वारीत हे ज्ञान मला नव्हते. कर्णा, म्हणजे तांबड्या पोटाचा तो देखणा ट्रोगन, पंधरा पावलांवर निश्चल बसला होता आणि मी रुमालाने पुसत होतो. पुसलेली काच डोळ्यांदेखत पुन्हा धूसर होई. पुसणे हा यावर उपायच नव्हे. काच हवेइतकी उबदार होणे हा एकच उपाय, आणि तोवर सामान बंद पिशवीत राहू दिले की बाष्प पिशवीच्या बाह्यांगावर जमते. निघण्यापूर्वी तासभर बंद पिशवी व्हरांड्यात ठेवावी. त्याहून बरे म्हणजे वातानुकूलनाचा मोह सोडून पंख्याच्या खोलीतच मुक्काम करावा.

दुसरे संकट बुरशीचे. आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की काचेवरील सूक्ष्म धूलिकणांच्या आधारे तिचे तंतू पसरतात, आणि त्यांतून स्रवणारी आम्ले भिंगाचा लेप कोरून काढतात. मग साफसफाई केली तरी वण राहतो. यासाठी झाकणाला रबरी कडा असलेला हवाबंद डबा व सिलिका जेल न्यावे. येथे एक गणित मला फार उद्बोधक वाटते. ३० लिटरांच्या डब्यातील तशा दमट हवेत पाणी असते जेमतेम पाऊण ग्रॅम, आणि १०० ग्रॅम जेल सहज २० ग्रॅम शोषते. तरीही दोन दिवसांत जेल निकामी का होते? कारण पाणी हवेतून येत नाही. ते घामाने भिजलेल्या गळपट्ट्यातून, ओल्या फडक्यातून आणि पिशवीच्या गादीतून येते. म्हणून डब्यात फक्त कोरडी यंत्रे जावीत, पट्टा बाहेर दोरीवर वाळावा. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा अपायकारक क्षार असल्याने नारिंगी जेल घ्यावे, आणि रंग पालटला की ते स्वयंपाकाशी संबंध नसलेल्या पत्र्याच्या डब्यात मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावे. तांदळाची पुरचुंडी ठेवण्याचा शिरस्ता मात्र सोडावा. तांदळाची भुकटी लेन्सच्या जोडात शिरते.

पावसासाठी आच्छादन हवेच, आणि लेन्स बदलणे झाडाखाली टाळावे, कारण सर थांबल्यावरही पाने बराच वेळ ठिबकत असतात.

परतल्यावर थकवा असला तरी त्याच संध्याकाळी पिशवी पूर्ण रिकामी करावी, तिच्या गाद्या सोडवून दोन दिवस उन्हात घालाव्यात, आणि तोवर कॅमेरा व लेन्स आर्द्रतामापक असलेल्या डब्यात ठेवून काटा ४५ च्या आसपास स्थिरावल्याची खात्री करून घ्यावी. कोकणात वा मुंबईत राहणाऱ्याने तो डबा जूनपासून सप्टेंबरपर्यंत मांडणीवर तसाच चालू ठेवावा.