दुकान आपलं, मग वेबसाइट दुसऱ्याच्या हातात का?

भंडाऱ्याची पितळी भांडी, मोहाडी-आंधळगावचं कोशाचं कापड, तुमसरचा तांदूळ. माल इथलाच, पण गिऱ्हाईक आता आधी मोबाइल चाळतं. म्हणून दुकानदार कुणाकडून तरी वेबसाइट करून घेतो. पुढे साडीचा भाव बदलायचा म्हटला तरी त्याच माणसाला फोन लावायचा आणि त्याला सवड मिळेपर्यंत थांबायचं. एवढं काम घरबसल्या शिकून स्वतः करता येतं. आडवे येतात ते काही गैरसमज.

गैरसमज : हे इंजिनिअर लोकांचं काम आहे.

वस्तुस्थिती : नवी साइट शून्यातून उभी करणं वेगळं आणि असलेली आपल्या सोयीने बदलणं वेगळं. दुसऱ्या कामाची सुरुवात एचटीएमएलपासून होते आणि ती प्रोग्रामिंगची भाषा नाहीच. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा फोटो, अशा खुणा मजकुराला लावण्याची ती पद्धत आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगासमोर आणलेली पहिली वेबसाइट अशाच खुणांवर उभी होती. रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा हे ठरवणारं सीएसएस १९९६ मध्ये प्रमाणित झालं.

करून बघा. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये आपली साइट उघडा, भावाच्या आकड्यावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा. बाजूला उघडलेल्या कोडमध्ये तोच आकडा दिसेल. त्यावर डबल क्लिक करा, नवा आकडा टाका आणि एंटर दाबा. पानावरचा भाव बदलेल. पान रिफ्रेश केलं की जुना भाव परत. हा बदल फक्त तुमच्या स्क्रीनपुरता असतो, त्यामुळे हात साफ करायला याहून सुरक्षित जागा नाही.

गैरसमज : शिकायचं तर भरमसाट फी आणि फाडफाड इंग्रजी हवं.

वस्तुस्थिती : फ्रीकोडकॅम्प ही वेबसाइट २०१४ पासून हे शिक्षण फुकट देते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेले छोटे व्हिडिओ आहेत. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर आपलं काम, अशी त्यांची रीत. कोडमधले शब्द इंग्रजीच असतात, पण रोजच्या बदलांना त्यातले मोजकेच लागतात. नुसते व्हिडिओ बघून मात्र काही येत नाही, हात चालवावा लागतो.

गैरसमज : वेबसाइटवर मराठीचा विचका होतो.

वस्तुस्थिती : विचका होतो तो बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवल्यामुळे. हँडबिल छापताना ते चालून जातं, कारण तिथे फक्त अक्षराचा आकार लागतो. वेबसाइटवर मात्र त्याच मजकुराची भलतीच चिन्हं होतात आणि गूगललाही तो मराठी म्हणून ओळखता येत नाही. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्या. मग 'मुक्ता'सारखा मोफत देवनागरी फॉन्ट लावला की जोडाक्षरं नीट दिसतात. साइटचा पत्ताही देवनागरीत घेता येतो, '.भारत' ही सोय २०१४ पासून आहे.

गैरसमज : साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर तिच्या थीमची, म्हणजे रूप ठरवणाऱ्या साच्याची, फाइल बदलली की काम झालं.

वस्तुस्थिती : थीमचा पुढचा अपडेट आला की मूळ फाइलमधले तुमचे बदल पुसले जातात. रंग-आकाराचे छोटे बदल 'ॲडिशनल सीएसएस'च्या चौकटीत लिहा, मोठ्यांसाठी चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर बसणारी आपली वेगळी थीम, करा. दोन्ही ठिकाणचे बदल अपडेटनंतरही टिकतात. आणि कशालाही हात लावण्याआधी बॅकअप.

गैरसमज : कॉम्प्युटरवर छान दिसली म्हणजे साइट छान.

वस्तुस्थिती : गिऱ्हाईक ती मोबाइलवर बघणार. फोनने काढलेला पितळी घागरीचा फोटो चार-पाच एमबीचा भरतो. असे वीस फोटो एका पानावर टाकले की नेटवर्क नाजूक असलेल्या गावात पान उघडता उघडत नाही. वेबपी प्रकारात आणि लहान आकारात केलेला तोच फोटो दीड-दोनशे केबीत बसतो आणि मोबाइलवर फरक सहसा कळतही नाही.

गैरसमज : कोड शिकलो म्हणजे साइट आपली झाली.

वस्तुस्थिती : साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, ज्याच्या नावावर आणि ज्याच्या ईमेलवर नोंदलेलं, ताबा त्याचा. बनवून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतलं असेल, तर कितीही सीएसएस येऊन उपयोग नाही. तेव्हा आधी डोमेन आणि होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची जागा) आपल्या नावावर करून घ्या, पासवर्ड आपल्याकडे ठेवा, नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा. ऑनलाइन पैसे घेण्याचा भाग मात्र स्वतः लिहायच्या फंदात पडू नका. त्यासाठी तयार पेमेंट गेटवे वापरा. भाव, फोटो, मजकूर आणि रंग एवढं स्वतः सांभाळलं तरी सणाच्या तोंडावर नवे भाव टाकायला कुणाची मनधरणी करावी लागणार नाही.