तारीख, वेळ आणि ठिकाण

मनमाड-परभणी लोहमार्गावर परभणीच्या अलीकडे पेडगाव हे लहान स्थानक लागते. इथल्या माणसाला परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबादकडे जायचे आहे असे समजू. ही गाडी मुंबईहून रात्री सुटते आणि परभणीला दुसऱ्या दिवशी सकाळी येते. त्यामुळे १४ जूनला मुंबईहून निघालेली गाडी परभणीच्या प्रवाशासाठी १५ जूनची असते. तत्काळ आरक्षण मात्र गाडी मूळ स्थानकावरून ज्या तारखेला सुटते तिच्या आदल्या दिवशी, म्हणजे १३ जूनलाच, खुले होते. गाडी एकच, तारखा दोन, आणि दोन्ही बरोबर. कुठली तारीख हे ठिकाण सांगितल्याशिवाय ठरत नाही. संकेतस्थळावरच्या अर्जात तारखेचा एक रकाना आणि वेळेचा दुसरा रकाना असतो, तेव्हा प्रोग्रामरला नेमकी हीच तिसरी गोष्ट जोडायची असते. माझे म्हणणे असे, की तारीख आणि वेळ एकत्र करण्यातल्या बहुतेक चुका ठिकाण गृहीत धरल्यामुळे होतात.

हे काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहू. ब्राउझर तारखेच्या रकान्यातून वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने ‘२०२५-०६-१५’ ही अक्षरे देतो आणि वेळेच्या रकान्यातून ‘००:२०’. दोन्ही निव्वळ मजकूर आहेत. घाईत काम करणारा दोन्हींचे आधी आकडे करतो, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद, आणि त्यांची बेरीज घेतो. दोन्ही आकडे भारतीय वेळेनुसार काढले असतील तर साडेपाच तासांचा फरक दोनदा वजा होतो. मग १५ जूनच्या रात्री १२ वाजून २० मिनिटांऐवजी पडद्यावर १४ जूनची संध्याकाळ, ६ वाजून ५० मिनिटे, उमटते. दुसरी चूक याहून फसवी आहे. जावास्क्रिप्टला नुसती तारीख दिली तर ती ग्रीनिच प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीची धरली जाते; तिच्यापुढे ‘टी’ अक्षर आणि वेळ लिहिली की तीच तारीख वाचणाऱ्या यंत्राच्या स्थानिक घड्याळाची होते. त्यामुळे आधी तारीख वाचून नंतर तिच्यात तास-मिनिटे बसवणारा प्रोग्राम परभणीत बिनचूक चालतो. न्यू जर्सीतून आईवडिलांसाठी तोच अर्ज भरणाऱ्या मुलाला मात्र तो १४ तारीख देतो, कारण ग्रीनिच प्रमाणवेळेनुसार १५ जून उजाडतो तेव्हा तिथे १४ जूनचे रात्रीचे ८ वाजलेले असतात.

म्हणून योग्य क्रम असा: दोन्ही मजकूर आधी मजकूर म्हणूनच जोडावेत, त्यांना ‘+०५:३०’ हा फरक किंवा ‘एशिया/कोलकाता’ हे वेळक्षेत्राचे नाव लावावे, आणि त्यानंतर एकदाच क्षणात रूपांतर करावे.

यावर पहिला आक्षेप येतो, की भारतात एकच वेळ चालते, मग हा खटाटोप कशाला? वापरणारा भारतात असला तरी सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर इतिहासात आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ त्यानंतरही कित्येक दशके चालत राहिली. त्या काळातली नोंद संगणकात चढवताना ‘एकच वेळ’ हे गृहीतक टिकत नाही. दुसरा आक्षेप असा, की तयार लायब्ररी हे सगळे सांभाळते. लायब्ररी गणित चोख करते, पण प्रवाशाच्या मनात कुठल्या गावचे घड्याळ होते हे तिला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. जावास्क्रिप्टच्या ‘टेम्पोरल’ या नव्या रचनेत निव्वळ तारीख, निव्वळ वेळ आणि वेळक्षेत्रासह क्षण असे वेगवेगळे प्रकार केले आहेत, ते याचसाठी.

या वेगळेपणातून एक उलट शिस्तही निघते: जो क्षण नाही त्याला क्षण बनवू नये. जन्मतारखेला वेळेची जोड लागत नाही. शाळेच्या अर्जातली १५ जून ही जन्मतारीख भारतीय मध्यरात्र म्हणून साठवली, की जागतिक वेळेत ती १४ जूनचे १८:३० होते. पुढे कोणी तिची पहिली दहा अक्षरे कापून घेतली, की मूल कागदोपत्री एक दिवस आधी जन्मते. प्रवेशासाठी वयाची अट असते, तिथे एका दिवसाने निकाल फिरू शकतो. कार्यालय रोज दहाला उघडते, या वाक्यातल्या दहालाही तारीख चिकटवायची गरज नाही. सगळे काही जागतिक वेळेत साठवा, हा सरसकट सल्ला म्हणूनच अपुरा आहे. घडून गेलेल्या घटनेसाठी तो उत्तम. पुढच्या भेटीसाठी स्थानिक वेळ आणि वेळक्षेत्राचे नाव दोन्ही ठेवावे, कारण एखादा देश मधल्या काळात घड्याळाचे नियम बदलू शकतो. रकाने जोडण्याचा कोड दोन ओळींचा असतो. त्याआधी हा क्षण आहे, तारीख आहे की नुसती वेळ आहे, आणि ती कुठली, हे ठरवणे ही प्रोग्रामरची खरी जबाबदारी आहे. ती टाळली तर तिची किंमत खिडकीपाशी उभा असलेला प्रवासी किंवा प्रवेश नाकारलेले मूल मोजते.