दिवा लागलाय, मामा

सकाळी 7.30
छत्रपती संभाजीनगरहून जळगाव रोडनं निघालं की सावंगीच्या अलीकडे हे टायरचं दुकान लागतं. पुढे समृद्धी महामार्ग. डिसेंबरचा गारठा आहे. मामा शटर वर करतात आणि आधी कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चावी सोडतात. फुस्स करून गढूळ पाणी येतं. ते राहिलं तर हवेबरोबर टायरात जातं, आतल्या दाबाच्या सेन्सरच्या वॉल्वला खातं. मग डिजिटल गेज काट्याच्या जुन्या गेजशी ताडून बघतात. दोन्ही जुळले की कामाला सुरुवात.

8.10
पहिली गाडी. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, टायरच्या चित्रात उद्गारचिन्ह. चारही चाकांत हवा 26 पॉइंट. दाराच्या कडेच्या स्टिकरवर 33. पंक्चर कुठेच नाही. उन्हाळ्यानंतर हवाच बघितलेली नाही. महिन्याला पॉइंट-दोन पॉइंट हवा आपोआप उतरते, आणि पारा पाच-सहा अंश खाली आला की आणखी एक पॉइंट जातो. थंडीच्या सकाळी अशा गाड्यांची रांग लागते. चारही चाकांचे 80 रुपये. "थोडी चालवा साहेब, दिवा जाईल."

9.25
कालच पंक्चर काढलेली गाडी परत आली. हवा बरोबर, दिवा तसाच. हिच्या चाकांत दाबाचे सेन्सर नाहीत. ही एबीएसच्या सेन्सरवरून चाकांचे फेरे मोजते. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जास्त फिरतं, त्यावरून गाडी ओळखते. हवा भरल्यावर तिला 'आता हे बरोबर' असं सांगावं लागतं. स्क्रीनवरचा रीसेट दाबायला मामा हाताखालच्या पोराला लावतात. पैसे घेत नाहीत.

10.40
एक ताई आल्यात. मागचं उजवं चाक चार दिवसांत चार पॉइंट उतरतं. दोन दुकानांत बघून झालं, पंक्चर सापडत नाही. मामा चाक काढून पाण्याच्या टाकीत फिरवतात. बुडबुडा नाही. मग वॉल्वच्या तोंडावर साबणाचं पाणी सोडतात आणि वाट बघतात. मिनिटभरानं मोहरीएवढा एक फुगा. फुटतो. परत येतो.

सेन्सरचा वॉल्व ॲल्युमिनियमचा. त्याला निकेलचा मुलामा असलेली पिन लागते. कुणीतरी साधी पितळी बसवली. पावसाळ्याचा ओलावा लागला की या दोन धातूंचं जमत नाही, ॲल्युमिनियम कुजतं. पोरगं जोर लावायला जातं, मामा हात धरतात. देठ तुटला तर आतला सेन्सर पण जाईल. तेलाचा थेंब सोडतात, चहा मागवतात. कपबशा परत गेल्यावर पाव पाव आटा फिरवत पिन काढतात. आट्यांत पांढरी भुकटी. देठ बदलावाच लागेल. म्हणजे टायर उघडायचा.

इथे मी जरा जवळ सरकून बघतो. टायर रिमपासून सोडवताना मशीनचा दाब सेन्सरवर आला की तीस-पस्तीस ग्रॅमची ती डबी फुटते. मामा वॉल्वच्या बरोबर समोरच्या बाजूनं सुरू करतात. नवा देठ, वायसर, नट, पिन: 350. मजुरी 150. बॅलन्सिंग 100. नट टॉर्क पान्यानं, ठरल्याइतकाच. ताई विचारतात, एवढ्याशा पिनेचे सहाशे? मामा जुनी पिन त्यांच्या तळहातावर ठेवतात आणि सगळं परत समजावतात, घाई न करता. मला हा माणूस फार आवडतो.

1.15
भाकरी, मेथी, ठेचा. एक हात गेजवरच.

2.20
आठ वर्षांची गाडी. दिवा मिनिटभर लुकलुकतो, मग लागून राहतो. लुकलुकला म्हणजे हवेची नाही, सेन्सरची तक्रार. मामा 38 हजारांचं यंत्र काढतात, हप्ते अजून चालू आहेत. प्रत्येक वॉल्वजवळ धरलं की झोपलेला सेन्सर जागा होऊन आपला नंबर, दाब आणि तापमान कळवतो. तीन बोलले. पुढचा डावा गप्प. सेन्सर 433 मेगाहर्ट्झवर बोलतो, आतल्या बॅटरीवर. ती लाखेत बंद, बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षं चालते. नवा 2,800 रुपये.

"नुसता दिवा बंद करून द्या ना मामा."
"ते नाही करणार साहेब. समृद्धीवर एकशेवीसनं जाताना टायर उतरायला लागला तर सांगणार कोण?"
साहेब हजार रुपये ॲडव्हान्स देतात.

4.30
समृद्धीवरून आलेली नवी गाडी. स्टेपनी नाहीच. 2020 च्या नियमानं दाबाचा सेन्सर आणि दुरुस्तीचा किट असला तर स्टेपनी नसली तरी चालते. वाटेत खिळा लागला, किटमधलं औषध टायरात सोडून ते इथवर पोचले. औषधानं चाकाला आतून साय धरलीय, सेन्सरचं भोकही बुजलं. पोरगं ओल्या फडक्यानं अर्धा तास पुसतं. टायरला आतून पॅच, 350. बाकीच्या तीन चाकांत 38. मालक म्हणतात, जास्त झाली, थोडी सोडा. मामा सोडत नाहीत. गरम टायरातली हवा सोडली तर उद्या सकाळी तीच कमी भरेल.

8.00
गल्ला मोजून होतो. पोराला 500, आणि औषध पुसल्याचे वर 50. कॉम्प्रेसरचं बिल आणि यंत्राचा हप्ता बाजूला काढून ठेवतात. शहरातल्या पार्टवाल्याचा फोन येतो: सेन्सर उद्या मिळेल. मामा लगेच आठ वर्षांच्या गाडीवाल्याला फोन लावतात.

"साहेब, 11 ला या. आणि नवा बसवल्यावर गाडी दहा मिनिटं तिसाच्या वर चालवावी लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा."