पाय चेपणे आणि बाळंतपण

तळपायावरील ठराविक बिंदू दाबले असता दूरच्या अवयवांवर परिणाम होतो, असे रिफ्लेक्सॉलॉजी ही उपचारपद्धती मानते. अमेरिकेतील डॉ. विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून १९१७ साली पुस्तक लिहिले. युनिस इंगहॅम यांनी पुढे तळपायाचा नकाशा तयार केला. त्यांचे पुस्तक १९३८ चे. बिंदू व अवयव यांचा हा संबंध शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. तथापि पाय हळुवार चेपल्याने आराम वाटतो, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

गर्भधारणेपूर्वी : पाय दाबून मूल होईल या भरवशावर तपासणी लांबवू नये. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीपासूनच सुरू करावी.

गरोदरपणी : संध्याकाळी घोटे थोडे सुजणे नेहमीचे असते. परंतु चेहरा व हात सुजले, डोके सतत दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब मोजून घ्यावा. तो १४०/९० किंवा अधिक असल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अशा वेळी चोळत बसणे माता व बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते.

बाळंतपणानंतर : एकच पोटरी सुजून लाल, गरम झाली व दुखू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय मुळीच चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

माता-भगिनींनो, लेकी-सुनांचे पाय जरूर चेपा. मात्र सूज दिसली तर आधी तपासणी, मग तेलाची वाटी.